दोन बोटं पाणी

इनो गावात, निओदो नदीच्या वळणावर,
कागदाचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली.
विहीर मात्र चालू आहे:
लोखंडी नळीची, शंभर हात खडकात उतरलेली.
किनुए ओकाबायाशी दिवसातून चारदा झाकण सरकवते,
शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडते,
ओल लागली तिथे चिमटीत धरते
आणि जुन्या, कडा फाटलेल्या कागदावर
पेन्सिलीने आकडा मांडते.
तिचं वय विचारू नका.
दोरी तीनदा बदलली, एवढं सांगते.

समुद्र डोंगरापलीकडे. त्याचा वासही येत नाही.
तरी पाणी रोज दोनदा उतरतं, दोनदा चढतं;
पुनवेला दोन बोटं,
अष्टमीला जेमतेम नखभर.
शेजारीण म्हणते, विहिरीला समुद्राची आठवण येते.
किनुए म्हणते, विहिरीला काही येत-जात नाही.

मग एकदा मिझोगुची आला, संशोधन केंद्राचा पोरगा,
बुटांना चिखल, काखेत यंत्राची पेटी.
तिचे कागद पाहिले आणि उकिडवाच बसला.
म्हणाला, ही भरती पाण्याची नाही,
दगडाची आहे.
चंद्र माथ्यावर आला की सगळंच उचललं जातं,
हे अंगण, ती टेकडी, पोस्टाची पेटी,
वीतभर वर,
आणि सहा तासांनी वीतभर खाली.
कुणाला कळत नाही,
कारण पाहणाराही त्याच्याबरोबर उचलला जातो.
तेवढ्यात खडक जरासा सैल होतो,
पाणी त्याच्या भेगांत शिरतं
आणि तुमची दोरी लांब होते.

ती हसली.
पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती रोजच सरकते तर.
आणि आपण तिच्यावर किटली ठेवतो,
देणी-घेणी लिहितो,
पोरीचं लग्न ठरवतो.

तो सांगत राहिला.
इथून उत्तरेला, तीस किलोमीटर खोल,
समुद्राचा तळ आपल्या खाली शिरतोय,
वर्षाला दोन-तीन बोटं.
तिथे एक कुरकुर असते,
जिन्यावरून कुणी अनवाणी उतरावं तशी.
कधी दिवसच्या दिवस चालते, कधी गप्प.
चालते तेव्हा भरती-ओहोटीच्या वेळा पाळते.

“म्हणजे चंद्राला विचारलं तर तो दिवस कळेल?”

“नाही,” तो म्हणाला. “चंद्राची ओढ पासंगाएवढी.
तराजू आधीच काठावर आला असेल
तर पासंगानेही काटा हलतो.
नसेल, तर हजार पुनवा
नुसत्या उजेड देऊन जातात.”

किनुएने कप विसळले. दोन्ही. पुन्हा विसळले.
मग त्याच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली:

शेहेचाळीस सालचा डिसेंबर. मी सहा वर्षांची.
वडील कंदील घेऊन विहिरीवर गेले,
परत आले, हात चोळत.
पाणी पुष्कळ खाली गेलंय, म्हणाले.
आईने विचारलं, किती?
ते म्हणाले, अवस दोन दिवसांवर आली,
उतरायचंच.
आणि पांघरूण ओढून झोपले.
पहाटे चारला

पुढचं तिने सांगितलं नाही,
त्यानेही विचारलं नाही.
बाहेर कुणाची तरी सायकल उताराने गेली.

“पुष्कळ,” ती म्हणाली. “हा काही आकडा नाही.”

यंत्र बसलं. आता विहीर दर मिनिटाला
तारेवरून शहरात बोलते.
जाताना मिझोगुचीने तिला एक तक्ता दिला:
कुठल्या घटकेला चंद्राचे किती, सूर्याचे किती.
तो तिने झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय,
खळीने, जशी कागदाला लावायची.

दोरी तिने टाकलेली नाही.
पाणी मोजते, चंद्राचं देणं वजा करते,
आणि जे उरतं
ते वेगळ्या रकान्यात लिहिते.

आज अवस. धुकं.
उरलं: शून्य.
ती पेन्सिलीला टोक करून ठेवते.